लागलं तर

नवी मोटार घेणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. पेढे वाटावेत, हार घातलेल्या बॉनेटशेजारी उभं राहून फोटो काढावा, चाकाखालचं लिंबू चिरडून पुढे जावं, संपलं. जुनी मोटार घेणाऱ्याला मात्र सगळं गाव कारण विचारतं. त्यातून ती मोटार टर्बोची असेल आणि तिची चारही चाकं इंजिनाला जोडलेली असतील, तर विचारणाऱ्याच्या स्वरात काळजी उतरते. साठीला आलेल्या माणसाने एकाएकी कथक शिकायला घेतलं तर नातेवाइकांच्या स्वरात उतरेल, तशी. गेले काही महिने मी ही काळजी ऐकतो आहे आणि खरं सांगायचं तर ती मला आवडायला लागली आहे. या वयात आपल्याबद्दल लोकांना रक्तातल्या साखरेपलीकडची काळजी वाटावी, हे काही कमी नाही.

मोटार म्हणजे स्कोडा यती. 2012 सालची, दोन लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, 140 अश्वशक्ती, सहा गिअर, आणि मागच्या दारावर एका कोपऱ्यात, दिसलं तर दिसावं अशा बेताने लावलेला ‘4 बाय 4’चा बिल्ला. हे मॉडेल आपल्याकडे 2010 च्या अखेरीला आलं. तेव्हा लोकांनी तिच्याकडे पाहिलं, किंमत विचारली आणि तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या, तिच्याहून लांबलचक गाड्या घेऊन ते घरी गेले. त्यांचंही बरोबरच होतं. यती दिसायला ठोकळा. छप्पर सपाट, काचा उभ्या, नाक आखूड. पार्किंगमध्ये ती निवृत्त न्यायाधीशासारखी उभी असते, कुणी नमस्कार केला तर मान हलवीन अशा बेताने. 2017 मध्ये चेक देशातल्या मूळ कारखान्यातही तिचं उत्पादन थांबलं. त्यामुळे जगात आहेत तेवढ्याच यत्या आता उरल्या, आणि दर पावसाळ्यात त्या कमीच होत जाणार. आपल्याकडच्या यत्यांची जोडणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायची. माझं बालपण तिथून फार लांब नाही अशा पैठणला गेलं, हे मी बायकोला इतक्या अगत्याने सांगितलं, की जणू गाडी आणि मी एका बाकावर बसत होतो.

“अहो, म्हणजे गाववाली म्हणून घ्यायची का?” ती म्हणाली.

तर, कारण. माझं अधिकृत कारण मुळशी तालुक्यात आहे. पौडच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमची जमिनीची एक चिंधी आहे. तिच्यावर दोन खोल्या, काही आंब्याची झाडं आणि ‘खाजगी मालमत्ता’ अशी पाटी, जी आता वेलीने वाचून पूर्ण केली आहे. डांबरी रस्त्यापासून या खोल्यांपर्यंतचा अर्धा किलोमीटर तांबड्या चिकण मातीचा आहे. उन्हाळ्यात ती वाट लहान मुलासारखी सरळ वागते. ताम्हिणीकडून ढग उतरले, की तिच्यात कुणीतरी येऊन बसतं. आमच्या सध्याच्या छोट्या मोटारीची पुढची चाकं तिथे जागच्या जागी गरागरा फिरतात, चिखल मागे उडतो आणि गाडी नववधूसारखी हळूच बाजूच्या चराकडे सरकते. मला वाटलं, कारण भक्कम आहे. बायकोने ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं.

“गाडी डांबरावर लावायची आणि छत्री घेऊन चालत जायचं. पाच-सात मिनिटं लागतात.”

यावर काय बोलणार? वर्षातले चार महिने, त्यातल्या मोजक्या शनिवारी, अर्धा किलोमीटर चालावं लागू नये म्हणून दीड टन पोलाद विकत घेणं, हे वाक्य मनात मांडलं तरी ओशाळायला होतं. उरलेला सगळा काळ ते पोलाद कर्वे रस्त्यावर सिग्नलला उभं राहणार. तिथे तर दोन चाकांचीही गरज नाही. गर्दीच माणसाला पुढे नेते.

पण या फोर बाय फोरचं अंतरंग वाचायला घेतलं आणि मी अडकलो. यतीची मागची चाकं बहुतेक वेळ काहीच करत नाहीत. कोरड्या सरळ रस्त्यावर इंजिनाची जवळजवळ सगळी ताकद पुढच्या दोन चाकांकडे जाते. मागच्या आसाशी हाल्डेक्स नावाच्या स्वीडिश कंपनीने घडवलेला एक क्लच बसलेला असतो. तेलात भिजलेल्या चकत्यांचा. पुढचं चाक घसरू लागलं, किंवा आता घसरेल असा गाडीच्या मेंदूला संशय आला, की तेलाचा दाब वाढतो, चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि मागची चाकं जोर लावायला लागतात. पाय रोवले गेले, की पुन्हा सैल. चालवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. दिवा लागत नाही, घंटा वाजत नाही. गाडीच्या पोटाखालून जाणारा तो लांब दांडा मात्र ताकद असो वा नसो, चोवीस तास ड्यूटीवर असल्यासारखा फिरत असतो. त्याचं वजन वाहायचं, त्याच्यापायी थोडं जास्त डिझेल जाळायचं, त्याचं वेगळं तेल वेळेवर बदलायचं, आणि तो कामाला आला की नाही हे आयुष्यभर कळायचं नाही. इतका निरपेक्ष खर्च मी आजवर फक्त आयुर्विम्यावर केला आहे.

आमच्या अण्णांना हे यंत्र पहिल्या वाचनात पटलं असतं. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांचं सगळं आयुष्य ‘असू दे, लागलं तर’ या दोन शब्दखांबांवर उभं होतं. पलंगाखाली त्यांची एक हिरवी पत्र्याची पेटी असे. तिच्यात नारळाच्या काथ्याची दोरी, मेणबत्त्या, मेणकापडात गुंडाळलेल्या काड्यापेट्या, तुरटी, एक जादा कुलूप, त्या कुलपाची किल्ली वेगळ्या डबीत, आणि चालू बॅटरीतले सेल गळतात म्हणून सेल बाहेर काढून ठेवलेली बॅटरी. दिवे गेले की आम्ही शेजारून मेणबत्ती आणत असू. पेटीतल्या मेणबत्त्या खऱ्या अंधारासाठी होत्या. तो कसा ओळखायचा, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही. पण त्यांना तो ओळखता आला असता याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा अण्णा ऐंशीच्या पुढे होते. काठी टेकत बँकेच्या रांगेत उभे राहून त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नोटा बदलून आणल्या, रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांचे फॉर्मही भरून दिले. पुढे ते गेल्यावर पेटी उघडली. तळाशी एक पाकीट निघालं. त्यावर नकाशावर गावांची नावं घालावीत तशा त्यांच्या नेटक्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘अडचणीसाठी’. आत जुन्या पाचशेच्या कोऱ्या नोटा. मला वाटलं, विसरले असतील. आई म्हणाली, “विसरतायत कसले. मी आठवण केली होती. म्हणाले, अडचण कुठे आलीय अजून?”

ते पाकीट आमच्याकडे अजून आहे. देशाच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य आहे आणि फेकून द्यायचं कुणाच्या मनात येत नाही.

अण्णांच्या खात्याला जीप होती. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची कामं चालू होती तो काळ. हा कालवा दोनशे आठ किलोमीटरचा. त्याच्या कडेकडेने कामगारांच्या पालांची, मुरमाच्या ढिगांची आणि खात्याच्या तंबूंची एक लांबलचक वस्ती सरकत असे. मराठवाड्यातली काळी माती ज्याने पावसात पाहिली नाही त्याला चिखल ठाऊक नाही. मुळशीचा चिखल घसरवतो. आमचा काळा चिखल धरून ठेवतो. चप्पल ओढून घेतो, बैलाचा पाय ओढून घेतो, आणि परत देताना प्रत्येक वस्तू दुप्पट जड करून देतो. या चिखलात जीप घालण्यापूर्वी खात्याचे ड्रायव्हरकाका गाडी थांबवून खाली उतरत. उकिडवे बसत, चिमूटभर माती बोटांत चोळत, दूरवर बघत, आणि मग चढून मोठ्या गिअरशेजारच्या बारक्या दांड्या ओढत. कटकन आवाज येई. तो आला की मागे बसलेले लोक बोलायचे थांबत. “आधी टाकायचं असतं,” काका मला सांगत, “रुतल्यावर नव्हं.” आता ही परीक्षा यंत्राने घेतली, ते काम डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं आणि मातीला कुणी हात लावत नाही. सोय झाली, यात वादच नाही. पण गाडीतून उतरून जमिनीला विचारण्याची ती रीत मला अजून दिसते, आणि यतीमध्ये ती कुठल्या बटणावर असेल असं उगाच वाटून जातं.

ही जीप सरकारी. घरच्यांनी तिच्यात बसायचं नाही, असा अण्णांचा दंडक. आम्ही मुलं तिच्या सावलीत गोट्या खेळत असू, आत पाय नाही. 1975 च्या सुमाराचा पावसाळा असेल. आई नवव्या महिन्यात, आम्ही कालव्यावरच्या कॅम्पात, आणि रात्रीतून तिला कळा सुरू झाल्या. बाहेर धो धो पाऊस, बैलगाडी जुंपायची तर रस्ता उरलेला नाही. अण्णा बराच वेळ दारात उभे होते म्हणे. मग त्यांनी ड्रायव्हरकाकांना हाक मारली. मला शेजारच्या तंबूत झोपवलं होतं. झोपेत मला ते कटकन ऐकू आलं असं मी आजवर सांगत आलो आहे, आणि कुणी ते खोडलेलं नाही. पहाटे पैठणच्या दवाखान्यात बहीण झाली. त्यानंतर अण्णांनी लॉगबुकात ती फेरी ‘खाजगी’ म्हणून स्वच्छ अक्षरांत नोंदवली, किलोमीटरच्या दराने पैसे काढले आणि रीतसर चलन भरून कोषागारात जमा केले. आई आजही बहिणीला चिडवते, “बाकीची देवाने दिली, ही चलन भरून आणलीय.”

टर्बोची ओळख मात्र फार पुढे झाली, आणि तीही मागून. महामार्गावर ट्रकच्या मागे लाल-पिवळ्या अक्षरांत ‘टर्बो’ लिहिलेलं असे. हॉर्न द्या, पुन्हा भेटू आणि टर्बो. ते कुणा पैलवानाचं नाव असावं असा माझा समज होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर आपण गरम हवेसकट वाऱ्यावर सोडून देतो; ब्युखीला ते बघवेना. त्या धुराच्या वाटेत त्याने एक चक्र ठेवलं, त्याच दांड्यावर दुसरं चक्र, आणि या दुसऱ्या चक्राकडून बाहेरची ताजी हवा दाबून परत इंजिनात भरली. जास्त हवा, जास्त इंधन, जास्त जोर. हे म्हणजे रात्री उरलेल्या पोळ्या सकाळी कुस्करून, वर कढीपत्त्याची फोडणी घालून, मूळ जेवणापेक्षा चविष्ट करण्यासारखं झालं. ब्युखीची आई मराठी नव्हती याचं आश्चर्य वाटतं. फक्त ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात आणि तापून लाल होतात, हा स्वयंपाकघरातला फरक.

अमेरिकेत 1962 मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर नावाची टर्बोची मोटार निघाली. तिच्या इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावं लागे. त्याला नाव दिलं होतं ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’. मालक मंडळी हे तीर्थ भरायला विसरत. ते संपलं की गाडी आपला जोर आपणहून आवरता घेई, आणि मालक तक्रार घेऊन येत. शेवटी कित्येक गाड्यांमधला टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्यात आला. माणसाला सामर्थ्य हवं असतं, त्याचं तीर्थ भरत बसायचं नसतं. हे वाचल्यापासून मला त्या गाड्यांबद्दल फार वाईट वाटतं.

जुन्या वळणाच्या टर्बोवाल्यांचा आणखी एक नियम आहे. लांबून, जोरात आलात तर पोचल्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही. मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे तापलेल्या चक्राला तेल मिळत राहतं आणि ते निवतं. घाटमाथ्यावरच्या ढाब्यावर ट्रक येऊन थांबतो आणि ड्रायव्हर लगेच उतरत नाही, तो याचसाठी. मला हा नियम सबंध प्रकरणातला सगळ्यात मोठा फायदा वाटला. घरी पोचायचं, आणि कुणी काही म्हणू शकणार नाही अशा तांत्रिक कारणासाठी दाराबाहेर एक मिनिट स्वस्थ बसून राहायचं. मी हे बायकोला मोठ्या अपेक्षेने सांगितलं.

“म्हणजे दारात बसून पेट्रोल जाळायचं.”

“डिझेल,” मी म्हणालो.

तिला वळवण्यासाठी मी इतिहासही वापरून पाहिला. 1977 च्या हिवाळ्यात ऑडीचे लोक फिनलंडमध्ये बर्फावर गाड्यांची चाचणी घेत होते. त्यांच्याकडे चांगल्या दमदार, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी होत्या, आणि सोबत इल्टिस नावाची लष्करी जीप होती, पंचाहत्तर अश्वशक्तीची, ओबडधोबड. बर्फावर ही जीप सगळ्यांना मागे टाकू लागली. यॉर्ग बेन्झिंगर या इंजिनिअरने ते पाहिलं, आणि चार चाकांची पकड आणि टर्बोचा दम एकाच मोटारीत घालायचं ठरलं. 1980 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो उभी राहिली. पुढच्याच वर्षी मिशेल मूतों या फ्रेंच बाईने तीच गाडी घेऊन इटलीतली सानरेमो रॅली जिंकली; जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. शेजारच्या सीटवर वाट सांगायलाही बाईच होती, फाब्रित्सिया पोन्स. बायकोने हे सगळं भाजी निवडता निवडता लक्ष देऊन ऐकलं. मला वाटलं, जमलं.

“मग घेतलीच तर मी चालवीन,” ती म्हणाली. “तुम्ही शेजारी बसून वाट सांगा.”

वाट सांगण्याचं काम मी तेव्हापासून जाहिराती वाचून करतो आहे. जुन्या मोटारींच्या जाहिराती हा मराठीतला दुर्लक्षित वाङ्मयप्रकार आहे. ‘सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी, नॉन ॲक्सिडेंट, टायर सत्तर टक्के, पेपर क्लिअर.’ डॉक्टरांच्या गाड्या इतक्या विकायला असतात, की हे लोक दवाखान्यात पोचतात कसे असा प्रश्न पडावा. शेवटी हमखास ओळ येते: ‘फक्त सिरीयस बायरनेच फोन करावा.’ तिथे माझा आकड्यांवरचा अंगठा थबकतो. मी गंभीर आहे यात शंका नाही. पण ग्राहक आहे का?

आमच्या मिस्त्रींना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या लेखी गाड्यांचे दोनच प्रकार: ज्यांच्यावर ते जेवतात आणि ज्यांच्यावर ते जेवत नाहीत. यतीचं नाव काढताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “दिल्ली पासिंग असेल तर बघूच नका, काका.” दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल मोटारींना बंदी आली, म्हणून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन, कमी भावात, इकडे यायला निघाल्या. त्यांचं मीटर किती खरं बोलेल याची खात्री कुणी द्यावी? “पंधरा वर्षं कधी होतायत ते बघा, पासिंगचा खर्च धरा. हाल्डेक्सचं तेल बदललंय का विचारा. इंजिनाचं सगळे बदलतात, मागचं तेल असतं हेच लोकांना माहीत नसतं. आणि टायर चारी एका झिजेचे पाहिजेत. एकच नवा घातलेला असेल तर उठून या.” झिजलेल्या टायरचा घेर कमी, तो जास्त फिरतो, मेंदूला वाटतं चाक घसरतंय, आणि मागचा क्लच विनाकारण आवळत राहतो. म्हणजे खड्ड्याने एक टायर फाडला, तर शहाण्याने चारांचा हिशोब मांडायचा. माझ्या आनंदावर विरजण पडायला हवं होतं. पण एक दुखावला म्हणून चौघांनी बदलायचं, हा नियम मला एकत्र कुटुंबातच पाहायला मिळाला होता, आणि त्या कुटुंबांची मला आठवण येते.

शेवटी एक यती खरोखरच डॉक्टरांची निघाली. एरंडवण्यात, जुन्या बंगल्यात, बकुळीच्या झाडाखाली. पुणे पासिंग, एकच मालक. डॉक्टर माझ्याहून थोडे मोठे, आवाज शांत, विकायची घाई नाही आणि ठेवून घ्यायचा आग्रहही नाही. आम्ही तिघे गेलो होतो. मी, बायको आणि मिस्त्री. मिस्त्री कुणाशी न बोलता चटईवर आडवे होऊन गाडीखाली गेले. डॉक्टरांनी मला पुढे बसवलं. गिअरच्या दांडीजवळ एका बटणावर ‘ऑफ रोड’ असं लिहिलं होतं. निसरड्या उतारावर वेग आपोआप आवरावा, चाकांनी जपून पाऊल टाकावं, यासाठी ते असतं.

“याचा अनुभव कसा आहे?” मी विचारलं.

“दाबलं नाही कधी,” डॉक्टर म्हणाले. “लेहला जायचं म्हणून घेतली होती. 2012 लाच. मग आई आजारी झाली. मग दवाखाना वाढला. मग गुडघे.” ते बटणाकडे पाहून हसले. “एकदम नवं आहे.”

बाजाराच्या भाषेत ही जमेची बाजू. न दाबलेलं बटण, न पाहिलेलं लडाख, न रुतलेली चाकं. या सगळ्याचा भाव किमतीत धरलेला होता. आता मी ते घ्यायचं, तितक्याच निगुतीने न दाबता ठेवायचं आणि काही वर्षांनी लेहला जाऊ पाहणाऱ्या एखाद्या तरुणाच्या हवाली करायचं. दोन पिढ्यांनी जपलेलं बटण. अण्णा असते तर त्यांनी त्यावर मेणकापड गुंडाळलं असतं.

मागे काहीतरी खडखडलं. बायको मागच्या सीटशी झटापट करत होती. यतीच्या मागच्या तीन सीटा सुट्या असतात. बाजूच्या दोन पुढेमागे सरकतात, प्रत्येक दुमडते, पाहिजे तर उचलून बाहेर काढून ठेवता येते. हे मी कितीतरी रात्री वाचलं होतं आणि अश्वशक्तीच्या नादात तिला सांगायचं राहून गेलं होतं. तिने मधली सीट सोडवली, बाजूची सरकवली, मागे जाऊन डोळ्यांनी माप घेतलं आणि बाहेर येऊन मला बाजूला बोलावलं.

“मधली काढली तर आईंची व्हीलचेअर आडवी राहते. आणि त्यांना पाय लांब करता येतात.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आई भूमिपूजनाला आली होती, तेव्हा चालती होती. त्यानंतर त्या दोन खोल्या तिने फक्त फोटोत पाहिल्या. गेल्या पावसाळ्यात मी तिला व्हिडिओवर धबधबा दाखवला, तेव्हा तिने फोन कानाला लावून आवाज ऐकला होता. छत्री घेऊन पाच-सात मिनिटं चालण्याच्या हिशोबात ती नव्हती. माझ्या कारणातही नव्हती. बायकोने मला हे बोलून दाखवलं नाही. तिने तिथूनच घरी फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. माती, चढ, चार चाकं. पलीकडून आईने एवढंच विचारलं, “चढायला उंच नाही ना गं?”

उंच होतीच. जमिनीपासून एकशे ऐंशी मिलिमीटर मोकळी, त्यावर सीट. चिखलाला हे बरं, गुडघ्याला नाही. डॉक्टर बोलणं ऐकत होते. ते मागे गेले आणि त्यांनी डिकी उघडली. तिथे टो करायची दोरी असेल असं मला वाटलं होतं. त्यांनी बाहेर काढला तो एक बुटका लाकडी पाट, पायरीसारखा, खाली रबर मारलेला. गाडीवर बारा-तेरा वर्षांत ओरखडा नव्हता. या पाटाचं पॉलिश मात्र मधोमध उडून लाकूड उघडं पडलं होतं.

“डायलिसिसला न्यायचो आठवड्यातून दोनदा,” ते म्हणाले. “सुताराकडून करून घेतला. याच्यावरून बरोबर चढता येतं.”

बायकोने पाट हातात घेतला, उलटसुलट पाहिला, जमिनीवर ठेवून त्यावर स्वतः चढून पाहिलं. “हा गाडीबरोबरच ना?” तिने विचारलं.

डॉक्टर थोडे घुटमळले. “गाडीचं काय ते तुम्ही सांगा. दहा-वीस हजार मागेपुढे करू. पाट नाही देता येणार.”

“नको, नको, राहू दे,” ती घाईने म्हणाली, “माप तेवढं घेऊ द्या.” आणि पर्समध्ये टेप नसल्यामुळे खाली बसून ती वितीने मोजू लागली. दीड वीत लांब, वर चार बोटं. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि रबर कुठल्या बाजूला किती जाड लावायचं, ते सांगायला लागले.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आले, कपडे झटकत. या दोघांकडे त्यांनी एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “टायर चारी सारखे आहेत, काका. पण आता भाव कमी व्हायचा नाही.”